सीट पुसली तरी वास जात नाही: लेदर सीट, खालचा फोम आणि आपला पावसाळा

सीट तीनदा पुसून झाली, शाम्पू झाला, आरशाला सुगंधी डबी लटकवून झाली. चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी गाडी दुपारी उन्हात उभी राहिली आणि दार उघडताच तोच वास. लेदर सीटची तक्रार बहुतेक वेळा याच चालीची असते आणि कारणही बहुधा एकच निघतं: पुसलं गेलं लेदर, वास मुरलाय लेदरखालच्या फोममध्ये.

गाडीच्या लेदरवर रंगाचा थर असतो आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा. सांडलेलं दूध, चहा, पाणी या पापुद्र्यातून सहसा आत जात नाही. ते वाट काढतं शिवणीतून, हवेसाठी पाडलेल्या बारीक छिद्रांतून आणि बैठक व पाठ यांच्यामधल्या फटीतून. खाली जाड फोम बसलेलाच असतो, तो सगळं पिऊन घेतो. वरचं पाच मिनिटांत कोरडं दिसतं, पण फोमला वरून लेदरचं झाकण असल्यामुळे तो आठ-आठ दिवस ओला राहतो. उन्हात बंद गाडी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकते. त्या उष्णतेत फोममधले वासाचे रेणू भराभर उडतात आणि बंद काचांमागे साठून राहतात. रात्री गाडी थंड झाली की वास दबतो आणि आपल्याला वाटतं, गेला.

आधी सीट कशाची आहे ते पाहा

माहितीपत्रकात ‘लेदरेट’ असा शब्द असेल तर ते चामडं नव्हे, कापडावर चढवलेलं पीव्हीसी किंवा पीयू आहे. कागद हाताशी नसेल तर सीटच्या खालच्या कडेला जिथे कव्हर दुमडून आत घेतलेलं असतं, तिथे कड उलटी करून पाहा. मागची बाजू विणलेल्या कापडाची असेल तर लेदरेट. उसवलेल्या तंतूंसारखी, हाताला मखमली लागत असेल तर खरं लेदर. बऱ्याच गाड्यांत बसायचा भाग तेवढा चामड्याचा आणि बाजू, पाठीमागचा भाग कृत्रिम असतो, म्हणून दोन्हीकडे बघा.

फरक महत्त्वाचा आहे. कमावलेलं चामडं थोडं आम्लधर्मी असतं. खायच्या सोड्याचं पाणी, कपड्यांचा साबण, फरशीचा क्लीनर असं अल्कधर्मी काही त्यावर वारंवार पडलं की ते कोरडं, कडक होत जातं. लेदरेटला याचं फारसं सोयरसुतक नसतं, पण स्पिरिट आणि थिनरने त्याचा मऊपणा जातो आणि पुढे ते तडकतं.

तिसरा प्रकार आपल्याकडे सगळ्यात जास्त: मूळ कापडी सीट, तिच्यावर बाजारातून शिवून चढवलेलं लेदरेट कव्हर. या कव्हरला आतून फोमचा पातळ थर चिकटवलेला असतो. म्हणजे कापड, त्यावर पातळ फोम, त्यावर वारा न जाणारं प्लास्टिक. घाम, रेनकोटचं पाणी, मुलांचा ज्यूस आत गेला की बाहेर पडायला वाट नाही. अशी सीट वरून कितीही पुसा, उपयोग शून्य. कव्हर उतरवायचंच. आतला पातळ थर काळपट पडला असेल किंवा बोटाने चोळल्यावर भुगा होत असेल तर कव्हर धुण्यात वेळ घालवू नका, टाकून द्या. खालची कापडी सीट नीट धुऊन वाळवली की प्रश्न सुटतो.

वासाला नाव द्या

मराठीत वासांना शब्दांची कमी नाही आणि इथे त्यांचा खरा उपयोग होतो. ‘घाण वास येतो’ एवढ्याने काही कळत नाही. आंबूस म्हणजे दूध, ताक, उलटी. त्यात ब्युटिरिक आम्ल असतं. कुबट म्हणजे ओल आणि बुरशी. हिंवस किंवा वशट म्हणजे मासळी. तो ट्रायमिथाइल अमाइनचा वास, आणि हे द्रव्य आम्लाच्या उलट, अल्कधर्मी. खवट म्हणजे जुनं तेल. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास म्हणजे लघवीतून तयार झालेला अमोनिया. जळकट, शिळा वास सिगारेटचा.

नाव कळलं की औषध कळतं. आंबूस वासावर सोडा चालतो, कारण सोडा आम्लाला मारतो. हिंवस वासावर व्हिनेगर चालतं. मासळी धुताना लिंबू, कोकम किंवा चिंच का लावतात, त्याचं कारण हेच. म्हणूनच ‘सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावा’ हा सगळीकडे फिरणारा नुस्खा सीटवर काहीच करत नाही. फेस येतो, दोघं एकमेकांना संपवतात आणि मागे खारट पाणी उरतं. मासळीच्या वासावर नुसता सोडा टाकला तर वास उलट जास्त मोकळा होतो.

दोन वासांचा सीटशी काही संबंध नाही, तरी दोष सीटवर येतो. मागच्या सीटजवळ पेट्रोलचा वास असेल तर बैठक उचलून पाहा. कित्येक गाड्यांत तिच्याखालीच इंधनपंपाचं झाकण असतं आणि त्याचं रबर गेलेलं असू शकतं. अशा वेळी साफसफाई बाजूला ठेवून गाडी गॅरेजला. दुसरा, गोडसर वास आणि समोरच्या काचेवर आतून चिकट धुकं: हीटरमधून कूलंट गळतंय.

जागा कशी शोधायची

गाडी एक तास उन्हात बंद ठेवा, एसी नको. आधी प्रत्येक सीटच्या बैठकीवर आणि पाठीवर स्वच्छ पॉलिथिनचा हातभर तुकडा अंथरून कडा दाबून ठेवा. पायाखालच्या मॅटिंगवरही दोन तुकडे. तासाने एकेक तुकडा उचलून लगेच खालचा वास घ्या. जिथे मुरलेलं आहे तिथे तुकड्याखाली वास गोळा झालेला असतो, इतरत्र नुसता गरम प्लास्टिकचा वास येतो. दोन-तीन तुकड्यांनंतर नाक सरावतं, म्हणून मध्ये पाच-दहा मिनिटं बाहेर जा. गाडी रोज न वापरणारं कुणी असेल तर त्याचं नाक जास्त भरवशाचं.

या चाचणीत अर्ध्या वेळा भलतंच काही सापडतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून हुंगा. पट्ट्याचा गुंडाळलेला भाग वर्षानुवर्षं घाम साठवतो आणि तो कधीच कुणी धुत नाही. कोमट साबणपाण्याच्या फडक्याने पुसायचा, आत जाऊ नये म्हणून क्लिप लावून पूर्ण वाळेपर्यंत बाहेर ठेवायचा. एसी सुरू करताच पहिल्या दहा सेकंदांत वास येऊन मग कमी होत असेल तर दोष एसीच्या कॉइलचा किंवा केबिन फिल्टरचा. फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, उघडून पाहायला पाच मिनिटं लागतात.

सीट काढताना

मागची बैठक सोपी. बऱ्याच हॅचबॅक आणि सेडानमध्ये पुढच्या कडेला दोन क्लिपा असतात. कडेला हात घालून सरळ वर झटका दिला की सुटतात. काहींत मध्ये एक-दोन बोल्ट. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर खाली उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी वायरी दिसल्यावर हात आवरायचा.

पुढची सीट चार बोल्टवर असते. जपानी, कोरियन आणि भारतीय गाड्यांना बहुधा १४ चा पाना, युरोपीय गाड्यांना चांदणीच्या आकाराचा टॉर्क्स. खाली पिवळा कनेक्टर असेल तर तो सीटमधल्या साइड एअरबॅगचा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, तो सापडत नसेल तर किमान १० मिनिटं. मगच कनेक्टर सोडवा. कनेक्टर सुटा असताना इग्निशन चालू केलं की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. ही चूक फार जण करतात, कारण विजेवर सरकणारी सीट पुढे-मागे करायची राहून गेलेली असते. सीट आधी मागे करून पुढचे बोल्ट, मग पुढे करून मागचे, आणि शेवटी बॅटरी. परत बसवताना बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्याला घट्ट करा. अपघातात सीट जागेवर धरून ठेवणारे हेच चार बोल्ट आहेत.

पुढच्या बैठकीत माणूस बसलाय का हे ओळखणारी सेन्सरची चटई असू शकते. ती असेल तर फोम बादलीत बुडवायचा नाही.

दूध आणि उलटी

अर्धा लिटरची पिशवी मागच्या सीटवर फुटली, घरी येईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आंबोलीच्या वळणांवर पोराला मळमळलं. दोन्हींत प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ आहेत, दोन्हींवर जिवाणू पोसले जातात. म्हणून नुसता सोडा मारला की आज वास जातो आणि आठवड्याने परत येतो: सोड्याने तयार झालेलं आम्ल मारलं, पण आम्ल तयार करणारं खाद्य तिथेच राहिलं. ते खाद्य तोडायला एन्झाइम लागतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात लघवीच्या डागांसाठी मिळणारा एन्झाइम क्लीनर चालतो. त्यात प्रोटीएज (प्रथिनं तोडणारं) आणि लायपेज (स्निग्ध पदार्थ तोडणारं) दोन्ही आहेत का ते बाटलीवर वाचून घ्या.

ताजं असेल तर चोळू नका. जुन्या एटीएम कार्डाने कडेकडून मध्यभागी ओढत उचला, मग जुना टॉवेल ठेवून त्यावर गुडघ्याने भार द्या. टॉवेल ओला व्हायचा थांबेपर्यंत बदलत राहा. इथे घालवलेली दहा मिनिटं पुढचे दोन दिवस वाचवतात.

मुरलेलं असेल तर बैठक बाहेर काढून उलटी करा. फोमच्या खालच्या बाजूला पिवळसर वर्तुळ दिसतं. कधी वरच्या डागापासून वीतभर लांब, कारण दूध उतारावर वाहत गेलेलं असतं. कव्हर कडेने तारेच्या कड्यांनी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने अडकवलेलं असतं. पट्टी हाताने निघते. कडी साइड कटरने कापावी लागतात आणि नवी घालायला वाकड्या तोंडाची पक्कड लागते. हे जमत नसेल तर गाडीच्या सीट शिवणाऱ्या कारागिराकडून तेवढंच काम करून घ्या, धुण्याचं काम घरी.

फोमवर आधी सोड्याचं पाणी: अर्धा लिटर पाण्यात १ मोठा चमचा, साधारण १५ ग्रॅम. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने काढून टाका. मग एन्झाइम. किती? जेवढं सांडलं त्याच्या दीडपट. अर्धा लिटर दुधाला ७०० ते ८०० मिली द्रावण. हा आकडा ऐकून लोक बिचकतात आणि चार फवारे मारून सोडून देतात. काम फसण्याचं पहिलं कारण हेच. औषध दुधाइतकं खोल पोचलं नाही तर खालचं दूध तसंच राहतं. दुसरं कारण, द्रावण वाळून जाणं. एन्झाइम ओल्यातच काम करतं, म्हणून वर पॉलिथिन झाकून ४ ते ८ तास ठेवा. पाणी कोमट, हात सहज बुडवता येईल इतपतच. कढत पाण्याने दुधातली प्रथिनं फोममध्येच गोठतात आणि एन्झाइमही मरतं. तिसरं कारण, आधी फिनाइल किंवा जंतुनाशक मारलेलं असणं. तेही एन्झाइमला निकामी करतं. असं झालं असेल तर आधी दोन-तीनदा भरपूर पाण्याने फोम धुऊन घ्या.

यानंतर खंगाळणं. १ लिटर पाणी ओतायचं, दोन्ही तळव्यांनी दाबायचं, ओलं-कोरडं चालणाऱ्या व्हॅक्युमने ओढायचं. पहिलं पाणी ताकासारखं येतं, दुसरं धुरकट, तिसरं बहुधा स्वच्छ. स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही.

कव्हर फोमपासून वेगळं करता आलं नाही तर नाइलाजाने १० किंवा २० मिलीच्या जाड सुईच्या सिरिंजने शिवणीच्या टाक्यांतून द्रावण आत सोडतात. लेदरला नवं भोक पाडायचं नाही, शिवणीतली भोकं आधीच आहेत. सुई दोन इंच तिरपी आत आणि दर दोन-तीन इंचांवर ५ मिली. हे वेळखाऊ आहे आणि खंगाळणं अर्धवट होतं, म्हणून पहिली पसंती कव्हर उतरवण्यालाच.

खऱ्या लेदरच्या पृष्ठभागावर एन्झाइम तासन्तास ठेवू नका. वरच्या बाजूला पीएच-न्यूट्रल (आम्लधर्मी नाही, अल्कधर्मीही नाही असा) लेदर क्लीनर किंवा १ लिटर पाण्यात ५ मिली बेबी शाम्पू, घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर फडकं, मग साध्या ओल्या फडक्याने दोनदा. फडकं पिळल्यावर थेंब पडत असेल तर ते जास्त ओलं आहे.

लघवीचं कामही याच पद्धतीने, फक्त एक पथ्य: ब्लीच अजिबात नाही. लघवीतला अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइन वायू तयार होतो, आणि बंद गाडीत तो छातीत बसतो.

पावसाळी कुबट वास

कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला ७० टक्केसुद्धा पुरतात. सोसायटीच्या स्टिल्टखाली तीन आठवडे गाडी उभी राहिली की काळ्या सीटवर तांदळाची पिठी भुरभुरावी तसे पांढरट-हिरवट ठिपके दिसतात. आधी जिथे हात, मान, घाम लागतो तिथे: आर्मरेस्ट, सीटची कड, स्टिअरिंग.

ठिपके पुसणं सोपं आहे. मास्क लावा, गाडी बाहेर घ्या, चारी दारं उघडा. कोरड्या ब्रशने झटकू नका, बीजाणू छतापर्यंत उडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन पांढरं फडकं जेमतेम ओलं करा, सीटखाली न दिसणाऱ्या जागी चोळून बघा. सीट लेदरेटची असेल किंवा फडक्यावर रंग उतरला तर अल्कोहोल बाद, त्याऐवजी १०० मिली पांढरं व्हिनेगर ४०० मिली पाण्यात. एकाच दिशेने पुसायचं, प्रत्येक हाताला फडक्याची नवी घडी. शिवणीत मऊ टूथब्रश. नंतर सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास. मे महिन्याच्या दुपारी ओलं लेदर उन्हात ठेवलं की आक्रसतं.

हे करून गाडी पुन्हा तिथेच लावली तर पंधरा दिवसांत ठिपके परत येतात, कारण ओल कुठून येते ते कुणी पाहिलेलं नसतं. मॅट उचला, मॅटिंगच्या कडेतून हात आत घाला आणि खालचा नमदा, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा जाड थर, दाबा. वरचं मॅटिंग कोरडं आणि नमदा ओल्या पोत्यासारखा, हे नेहमीचं चित्र. मग उगम शोधायचा.

एसीचं पाणी: दमट दिवशी १५ मिनिटं एसी चालवून गाडीखाली पाहा. डबकं नसेल तर निचऱ्याची नळी तुंबली आहे आणि ते पाणी डाव्या बाजूच्या पायाखाली उतरतंय. वायपरखालची जाळी: गुलमोहराची, कडुनिंबाची पानं काढा आणि १ लिटर पाणी हळूहळू ओता, ते पुढच्या चाकामागून बाहेर पडलं पाहिजे. सनरूफ असेल तर त्याच्या पन्हाळीत प्रत्येक कोपऱ्याला २०० मिली पाणी; ते खाली गाडीबाहेर आलं पाहिजे, आत छताला ओल दिसली तर नळी सुटली आहे किंवा तुंबली आहे. दारं: दाराच्या आतल्या पॅनेलमागे प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, स्पीकर बदलताना तो फाडून तसाच सोडणारे बरेच आहेत.

नमदा गाडीत बसलेला असताना वाळत नाही. दाराच्या उंबऱ्याची पट्टी काढा, मॅटिंग उचलून खाली लाकडाचे ठोकळे लावा आणि टेबलफॅन त्या पोकळीत लावून दोन-तीन दिवस चालू ठेवा. कित्येक गाड्यांत खालूनच वायरिंगचे जोड जातात, त्यांना गंज लागला तर वास ही सगळ्यात छोटी तक्रार ठरेल.

रोजची एक सवय मात्र फुकट आणि गुणकारी आहे. मुक्कामाला पोचायच्या पाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद, पंखा चालू, हवा बाहेरची. कॉइल कोरडी होते आणि श्वासाची वाफ बाहेर जाते. रिसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवत ठेवणं, बारा महिने चालू असलेली गाडी पावसाळ्यात कुबट होणारच. ओली छत्री सीटच्या मागच्या खिशात जाऊ देऊ नका.

ओलावा ओढणाऱ्या लटकत्या पिशव्या मिळतात, त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. काम बरं करतात, पण खाली साठणारं पाणी म्हणजे दाट खारट द्रव. तो सीटवर सांडला तर लेदर कडक होतं. पिशवी सीटच्या वर नको, डिकीत डब्यात उभी ठेवा.

मासळी, तेल, सिगारेट

रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून किंवा मुंबईच्या ससून डॉकवरून आणलेल्या मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यातून बर्फाचं पाणी झिरपतं; खोकं सीटवर ठेवलं तर फोममध्ये, डिकीत ठेवलं तर स्टेपनीच्या खळग्यात. खळगा आधी बघा, तिथे वाटीभर पाणी असतं आणि तळाला निचऱ्याचा बूच. फोमला वर सांगितलेलं १०० मिली व्हिनेगर आणि ४०० मिली पाणी, अर्धा तास, मग दोनदा साधं पाणी, मग एन्झाइम. व्हिनेगरचा स्वतःचा वास वाळल्यावर उडून जातो. पुढच्या वेळी खोक्याखाली रबरी ट्रे.

खवट वास शोधायचा असेल तर हेडरेस्ट हुंगा. खोबरेल तेल, घाम आणि धूळ यांचा चिकट थर तिथे बसतो, लेदरचा पापुद्रा मऊ करतो आणि मग आत शिरतो. हेडरेस्ट उपसून घ्या. अर्धा लिटर कोमट पाण्यात १० मिली भांडी घासायचा द्रवसाबण, स्पंजवर फक्त फेस घेऊन गोल फिरवा, पुसा, पुन्हा करा. तीन-चार वेळा लागतात. लेदर चमकवायला खोबरेल किंवा ऑलिव्ह तेल लावा असं सांगणारे भेटतील. तेच तेल सहा महिन्यांनी खवट होतं.

सिगारेटसाठी सीटपेक्षा छताचं कापड, काचांची आतली बाजू, बेल्ट आणि केबिन फिल्टर यांवर जास्त मेहनत घ्या. छताला फवारा थेट मारू नका, गोंद सुटून कापड लोंबतं.

वाळवणं

फोम ‘हाताला कोरडा’ लागतो तेव्हा आत हमखास ओला असतो आणि तसाच बसवला तर दुधाच्या वासाऐवजी कुबट वास मिळतो. फोम उभा टेकवा, सपाट ठेवू नका. पंखा दोन फुटांवर, दर काही तासांनी बाजू बदला. उन्हाळ्यात २४ तास, पावसाळ्यात एसीच्या खोलीत ४८ तास किंवा जास्त. हीटगन, हेअर ड्रायर नको. खात्रीचा उपाय म्हणजे वजन: फोम सामानाच्या काट्यावर सकाळ-संध्याकाळ तोला आणि सलग दोन वेळा आकडा तोच आला की वाळला समजा. काटा नसेल तर वर्तमानपत्राची चार पानं फोमवर ठेवून त्यावर पाच लिटरचा भरलेला कॅन अर्धा तास. खालचं पान लिबलिबीत झालं तर अजून एक दिवस.

खऱ्या लेदरला कंडिशनर यानंतरच, आणखी एक दिवस जाऊ देऊन, नखभर घेऊन पातळ. ओल्या किंवा बुरशीच्या सीटवर कंडिशनर चोळणं म्हणजे ओल आत कोंडणं.

कोरड्या सोड्याची पूड सीटवर पसरून रात्रभर ठेवण्याचा उपाय कापडी सीटला ठीक. छिद्रांच्या लेदरवर ती छिद्रांत अडकते, दमट हवेत तिचे पांढरे खडे होतात आणि व्हेंटिलेटेड सीट असेल तर खालच्या पंख्यापर्यंत पोचते. कोळशाच्या पिशव्या, कॉफी, कापूर हे सगळे हवेतला वास कमी करतात किंवा झाकतात. काम झाल्यावरचा उरलासुरला वास घालवायला कोळसा चांगला, आधी नाही. डांबरगोळ्या गाडीत नकोतच, विशेषतः तान्ही मुलं बसत असतील तर. ओझोनचं मशीन डिटेलिंगवाले लावतात, १५ ते ३० मिनिटं, आत कुणी नसताना, आणि नंतर दारं उघडून तासभर हवा खेळू देतात. तेही शेवटचं पाऊल. ओल्या फोमवर ओझोन मारून पैसे घेणारा दिसला तर आधी फोम वाळलाय का ते विचारा. वारंवार मारल्याने दारांची रबरं चिरतात.

सगळं बसवल्यावर तीन दिवसांनी पॉलिथिनची चाचणी पुन्हा करा, त्याच तासाला, तेवढ्याच उन्हात. त्याच जागी वास असेल तर एन्झाइम आणि खंगाळणं आणखी एकदा. दुसऱ्या फेरीनंतरही असेल, किंवा फोम कापून पाहिल्यावर आत काळे-हिरवे ठिपके दिसत असतील, तर फोम बदलावा. सगळी सीट बदलायची गरज नसते. कारागीर खराब तुकडा कापून तेवढाच नवा चिकटवतो. त्याला दोन गोष्टी आधी सांगा: नवा फोम मूळ फोमइतकाच घट्ट हवा, गादीचा मऊ फोम दोन महिन्यांत बसतो आणि लेदरला सुरकुत्या पडतात, आणि पाठीची एअरबॅगच्या बाजूची शिवण उसवायची नाही. तिथला दोरा फुग्याच्या धक्क्याने तुटावा अशा बेताने घातलेला असतो, आणि साध्या जाड दोऱ्याने ती पुन्हा शिवली तर फुगा बाहेर येणार नाही.